कांदेनवमीचा झुणका: गच्चीवरच्या एका कुंडीचं प्रकरण

२७ जून २०२३, मंगळवार. आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे कांदेनवमी. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरं आता थोडीच उरली, पण न सोडणारेसुद्धा कांदेनवमी साजरी करतात. भज्यांना तेवढंच निमित्त. त्या वर्षी मुंबईत पाऊस उशिरा, २५ जूनला आला. दोन दिवस कोसळून त्या संध्याकाळी जरा उघडीप होती आणि मुलुंड पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगचा जिना तळणीच्या वासाने भरला होता.

रात्री पावणेदहाला पहिल्या मजल्यावरची सूनबाई धापा टाकत वर आली. "काकू, ओआरएसचं पाकीट आहे का? आईंच्या उलट्या थांबत नाहीयेत."

पाकीट घेऊन मी खाली गेले. आजींचं वय ७४, रक्तदाबाची गोळी चालू. चेहरा पांढराफटक, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. आम्ही रिक्षा बघेपर्यंत त्यांचा मुलगाही बेसिनकडे धावला. आजींना जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, सलाइन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. मुलगा घरीच पहाटेपर्यंत आडवा-उभा होत राहिला. सूनबाईला नुसती मळमळ. नऊ वर्षांचा नातू ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी घरी आल्या. कागदावर अन्नविषबाधा असं लिहिलं होतं. तळणीचं तेल दुसऱ्यांदा वापरलं होतं, हे सूनबाईने स्वतःहून कबूल केलं, आणि घरच्यांनी तेलावर शिक्का मारून विषय संपवला. मला मात्र नातू खटकत होता. भजी सगळ्यात जास्त त्यानेच खाल्ली होती. आजी तेलकट खात नाहीत, त्यांनी भज्याला हातही लावला नव्हता. त्यांचं जेवण म्हणजे भाकरी, ताक आणि मऊ म्हणून दोनदा वाढून घेतलेला झुणका. मुलाने झुणका एकदा घेतला. सूनबाईने शेवटी पातेलं पुसून दोन घास खाल्ले. नातवाने "हिरवं नको" म्हणून ताटातून बाजूला काढला. म्हणजे ज्याने जितका झुणका खाल्ला, त्याला तितका त्रास झाला होता.

आणि झुणक्यातली पात माझ्या कुंडीतली होती.

पात कुठून आली

आमची गच्ची सोसायटीची, सामायिक. वॉटरप्रूफिंग खराब होऊ नये म्हणून कुंड्या विटांवर ठेवायच्या आणि पाणी जाळीकडे वाहतं ठेवायचं, या अटीवर कमिटीने आम्हा चार-पाच जणींना एक कोपरा दिला आहे. मला तिथे खाताही येईल आणि दिसायलाही बरं असेल असं काहीतरी हवं होतं. आधी विलायती चाइव्हजचं बी आणलं. गोल, पोकळ, सुईसारखी पानं आणि जांभळे गोंडे, पाकिटावरचं चित्र बघून भाळले. डिसेंबरात उगवलं, फेब्रुवारीपर्यंत तग धरली, एप्रिलच्या उन्हात पिवळं पडलं, मेमध्ये गेलं. ते थंड हवेचं झाड. हिवाळ्याचा कडाका मिळाला की ते वसंतात फुलतं, आणि आमचा हिवाळा म्हणजे जानेवारीतल्या चार पहाटा. डोक्याएवढे जांभळे चेंडू येणारे शोभेचे कांदे फोटोत दिसतात, त्यांचीही तीच गोष्ट. मुंबईत त्यांच्यापायी पैसे घालवू नयेत.

मग बी विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या मणिपुरी नर्सने मला एक ठोंब दिला. इम्फाळहून येताना ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला. ती त्याला मारोई नाकुप्पी म्हणते. त्यांच्याकडे एरोंबा नावाच्या पदार्थावर हीच पात चिरून घालतात. नर्सरीवाले हिला गार्लिक चाइव्हज म्हणतात, शास्त्रीय नाव ॲलियम ट्युबरोझम. मूळची चीनच्या शान्शी भागातली रानटी जात, आता आशियाभर परसात पोचलेली. नावाचा धागा आपल्याकडेही येतो. तरंगंबाडी आणि मद्रास इथे आयुष्य घालवलेले मिशनरी वनस्पतिशास्त्रज्ञ रॉटलर यांनी तिला हे नाव दिलं आणि श्प्रेंगेल यांनी ते १८२५ मध्ये छापलं. "आंटी, ये मरता नहीं," एवढंच सांगून ती ड्यूटीला गेली.

खरंच मरत नाही. पानं चपटी, भरीव, फूटभर लांब, गवतासारखी ताठ उठून मग झुकणारी. चव लसणाची, पण लसणाच्या पातीपेक्षा सौम्य. जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापली की तीन-चार आठवड्यांत पुन्हा तेवढीच. बियांपासून करायची असेल तर पहिले काही महिने कात्री लावू नये, आणि बी ताजंच घ्यावं, वर्षभर जुनं झालं की उगवत नाही. ठोंबावरून केली तर दोन महिन्यांत ताटात येते. चार-पाच तास ऊन पुरतं. माती दोन वाटे लाल माती, एक वाटा गांडूळखत, एक वाटा जाडी रेती. कोकोपीट मी कमी घालते, आमच्या पावसात ते आठवडाभर फडक्यासारखं ओलं राहतं आणि ठोंब खालून सडतो. मावा येतो, काळा, कोवळ्या पातीच्या बुडाशी. पाण्याचा फवारा आणि अगदीच झालं तर निंबोळी अर्क. जुलैत मोठ्या गोगलगायी गच्चीपर्यंत कशा चढतात हे मला अजून कळलेलं नाही, पण चढतात, आणि रात्रीत कुंडी भादरून ठेवतात.

दोन वर्षांत एका ठोंबाचे चौदा झाले. डिसेंबर २०२२ मध्ये मी अडीच फुटांची लांबडी कुंडी घेतली आणि सगळे एका रांगेत लावले. शेजारपाजारी सांगून ठेवलं, लागेल तेव्हा कापून न्या. चाइव्हज हे नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. "गच्चीवरची पात" हेच रूढ झालं.

एकादशीचं फूल

२९ तारखेला आषाढी. सकाळी सातला तिसऱ्या मजल्यावरच्या बेन गच्चीत भेटल्या. बेन कच्छी जैन. कांदा-लसूण सोडाच, जमिनीखालचं काहीच त्यांच्या घरात येत नाही. पण झाडांचा हात असा की वाळकी काडी खोचली तरी फुटते. गेटपासून पंपरूमपर्यंतची पावसाळी लिलीची कड त्यांनीच लावलेली. पहिल्या पावसानंतर चार दिवसांत ती सगळी गुलाबी होते.

बेन माझ्या कुंडीशी वाकून उभ्या होत्या.

"ताई, ही तर माझी लिली."

लांबड्या कुंडीच्या उजव्या टोकाला, टाकीच्या सावलीत, पातीच्या मधोमध एक गुलाबी फूल उमललं होतं. एका दांड्यावर एकच, सहा पाकळ्यांचं, चांगलं कपाएवढं. माझ्या पातीला येतात ती पांढरी, नखाएवढी चांदणीसारखी फुलं, एका दांड्यावर पंचवीस-तीस. हे फूल तिचं असणं शक्यच नव्हतं.

"माती मी दिली होती ना तुम्हाला, डिसेंबरमध्ये?" बेन म्हणाल्या.

दिली होती. कुंडी मोठी निघाली, माती कमी पडली. बेनच्या दोन जुन्या कुंड्या फुटल्या होत्या, त्यातली माती मी घमेल्यात भरून उजव्या टोकाला ओतली होती. काळी, भुसभुशीत, सुरेख माती. चाळायचं मनातही आलं नाही.

मी तिथेच वर्तमानपत्र अंथरलं आणि खुरपं घेऊन उजवी बाजू उपसली. पातीच्या चार ठोंबांच्या मधून लिलीचे नऊ कंद निघाले. शेंगदाण्याएवढे, दोन-तीन बोराएवढे. त्यातल्या सहांची पानं ताजी कापलेली होती, चीर अजून तपकिरीही झाली नव्हती. एका कंदाला तीन ते पाच पानं धरली तर झुणक्यात वीसेक पानं लिलीची गेली असावीत.

ते कंद आणि पातीचा एक ठोंब मी धुऊन शेजारी ठेवले. लिलीचा कंद हुबेहूब छोटा कांदा: गोल, तपकिरी पापुद्रा, आत पांढरा, खाली मुळ्यांची दाढी. पातीला मात्र कांदा म्हणावा असं काही दिसत नाही. पांढरी, पेन्सिलीपेक्षा किंचित जाड अशी बुडखी, आणि तीही आडव्या मुळकांडावर चार-पाच एकत्र चिकटलेली. कुणा परक्याला विचारलं असतं की यातला कांद्याचा भाऊ कोणता, तर त्याने बेधडक लिलीवर बोट ठेवलं असतं.

भाऊ तसे दोन्ही आहेत. २००९ सालच्या वर्गीकरणापासून कांदा, लसूण, पात, लिली, नागदवणा सगळे एकाच ॲमरिलिडेसी कुळात बसतात. फरक आत आहे. कांदा-लसणाच्या फांदीकडे गंधकाची रसायनं असतात. लिलीच्या फांदीकडे लायकोरिनसारखी अल्कलॉइडं असतात, आणि लायकोरिन पोटात गेलं की लाळ सुटते, उलट्या होतात, पोटात मुरडा येतो, जुलाब लागतात. युरोपात डॅफोडिलचे कंद कांदा समजून लोक खातात आणि असेच आडवे होतात, तिथेही हेच लायकोरिन. सूनबाईने नंतर विचारलं, "काकू, पण मी तर चांगलं वाफवलं होतं." वाफवून काही फरक पडला नाही, हे आजींवरून दिसलंच.

मी खाली जाऊन सगळं सांगितलं आणि फुलाचा, कंदाचा फोटो नर्सिंग होमच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचा उलट निरोप आला तो मी इथे मुद्दाम लिहिते: उलट्या-जुलाबाच्या पेशंटने घरचं किंवा रानातलं काही हिरवं खाल्लं असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा, आणि पान, फूल, कंद जे हाताला लागेल ते पिशवीत घालून सोबत आणा. दिल्लीच्या एम्समध्ये विषांची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र आहे, डॉक्टर तिथे विचारू शकतात, पण वनस्पती कोणती हे आधी कळायला हवं. मोठ्यांना सहसा एका रात्रीत उतार पडतो. लहान मूल, म्हातारं माणूस, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा पेशंट असेल तर घरी वाट बघत बसू नये.

वास तर घेतला होता

इथवर हे बेसावधपणाचं साधं प्रकरण वाटेल. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर सूनबाईचा थोडा रागही आला. कारण मी तिला शिकवलं होतं. लसूण-कांद्याच्या जातीचं कुठलंही रानटी झाड खायचं तर पान चोळून वास घ्यायचा. लसणाचा वास आला तर आपलं, नाही आला तर सोडून द्यायचं. जगभर हेच सांगतात.

"काकू, घेतला होता वास," ती म्हणाली. "प्रत्येक मुठीला घेतला. येत होता."

ती खोटं बोलणारी नाही. मग मी तिला गच्चीत नेलं आणि म्हटलं, त्या दिवशी केलंस तसं करून दाखव. ती कुंडीच्या डाव्या टोकाला उभी राहिली, जिन्यातून आलं की तेच आधी लागतं. एक मूठ धरली, कात्रीने कापली, दोन पानं बोटांत चुरगाळून नाकाशी नेली. मग पुढची मूठ. मग पुढची. उजव्या टोकाला पोचेपर्यंत तिच्या बोटांना दहा ठोंबांचा रस लागला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळी खात्री करून घेतली. पातीची पाच पानं चुरगाळली, मग त्याच बोटांनी बेनच्या लिलीचं एक पान चुरगाळलं आणि यजमानांना डोळे मिटायला लावून नाकाखाली धरलं. "लसूण," ते म्हणाले. दुसरं पान, लसूण. पाचव्यापर्यंत लसूणच. सहाव्याला म्हणाले, "लसूण असावा, पण जुना." साबणाने हात धुतले, नखांत ब्रश फिरवला, पुन्हा लिली चुरगाळली. "गवत." कात्रीचंही तेच. पात कापलेल्या कात्रीने लिली कापली तर चिरेवर वास होता. फिका, पण होता.

कारण समजून घेतलं तर नवल वाटत नाही. लसणाचा वास अखंड पानात नसतोच. पान फुटलं की पेशीतला अलिनेज हा विकर गंधकाच्या रसायनांना भिडतो आणि त्या क्षणी वास तयार होतो, तोही कातडीला चिकटून बसणारा. लसूण सोललेल्या हाताला दुसऱ्या दिवशीही वास येतो, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. माहीत असूनही तो धडा कुंडीपाशी आठवला नाही, तिला नाही आणि मला तर तिच्याही आधी नाही. चोळून बघण्याची परीक्षा फक्त पहिल्या पानापुरती खरी. त्यानंतर आपण आपल्याच बोटांचा वास घेत असतो.

आणखी एक गोष्ट आजींकडून कळली. त्या रायगडच्या. जूनअखेरीला मुलुंडच्या बाजारात आदिवासी बायका फोडशी घेऊन बसतात, कुणी तिला कुलू म्हणतं. आजींच्या घरी तिची भाजी दरवर्षी पहिल्या पावसात होतेच, डाळ घालून नाहीतर पीठ पेरून. फोडशी म्हणजे क्लोरोफायटम, सफेद मुसळीच्याच गोतातली. (सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे, हे जाताजाता.) गवतासारखी लांब, चपटी पानं, वास जवळपास नाही. चिरताना सूनबाईला काही पानं बिनवासाची, जरा गुळगुळीत लागली होती. "मला वाटलं, पावसाने पात बेचव झाली. आईंनी बघितली, म्हणाल्या, फोडशीसारखीच लागेल." ज्या घरात बिनवासाचं गवत दर पावसाळ्यात प्रेमाने खातात, तिथे ती खूण धोक्याची वाटणार कशी?

म्हणजे चाळणी न लावलेली माती माझी, अर्धवट शिकवलेली परीक्षा माझी, आणि सावलीतलं टोक निवडणारीही मीच. लिली जूनआधी फुलली असती तर ओळखू आली असती, पण ते कंद डिसेंबरात मातीत गेले आणि हा त्यांचा पहिला पाऊस. मी स्वतः रविवारी त्याच कुंडीतली पात आमलेटात घातली होती आणि मला काही झालं नाही, कारण मी आळशीपणाने डाव्या टोकाचीच कापली. तेवढ्यावर "कुंडी चांगली आहे" असं मी दोन दिवस छातीठोकपणे सांगत होते.

कमिटी आणि पाटी

रविवारी कमिटी बसली. सेक्रेटरींचं म्हणणं सरळ होतं: गच्चीत खाण्याचं काही नको, उद्या कुणी सोसायटीवर केस टाकली तर? एकाने सुचवलं, मोठी पाटी लावा. दुसऱ्याने विचारलं, "हा रानकांदाच ना?" रानकांदा किंवा कोळकांदा ही सह्याद्रीत उगवणारी निराळी गोष्ट, ड्रिमिया, आणि तिचा कंद विषारीच. तो खुलासा करण्यात दहा मिनिटं गेली.

पाटीला माझा विरोध होता. त्या कुंडीवर पाटी होतीच, माझ्या हातची, "लसूणपात, खाण्याची" अशी. ती पाटी खोटी ठरली डिसेंबरातच, मी घमेलं ओतलं तेव्हा.

बेन सगळा वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "लिली खाली, पात वर. माती एकमेकांत नाही. बस." तेच ठरलं. गच्चीत कंदवर्गातलं शोभेचं झाड ठेवायचं नाही: लिली नाही, नागदवणा नाही, निशिगंधही नाही. आणि पात खाली जमिनीत न्यायची नाही, त्याला आणखी एक कारण आहे. कांदा-लसणाची सगळी जात कुत्र्या-मांजरांना बाधते, त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. गेटपाशी सोसायटीची तीन मांजरं आणि एक म्हातारा कुत्रा पडून असतात. खाण्याच्या कुंडीत वापरलेली माती घालायचीच असेल तर आधी बारीक चाळणीतून.

मी सगळे चौदा ठोंब उपटले, एकेक धुतला, पांढऱ्या बुडख्यापर्यंत उलगडून पाहिला आणि नव्या मातीत लावला. कापायचं काम आता मी किंवा सूनबाईच करते. नवीन कुणी आलं तर तिला परीक्षा अशी शिकवतो: पान बोटांनी चुरगाळायचं नाही. प्रत्येक ठोंबाचं एक पान वर्तमानपत्राच्या वेगळ्या तुकड्यात घ्यायचं, कागदावरूनच दाबायचं, कागद हुंगायचा. जरा शंका आली की खुरप्याने माती बाजूला करून बुडखा बघायचा. गोल कांदा दिसला तर ती आपली पात नाही. पहिल्या वेळी हे सगळं दहा मिनिटं खातं. सूनबाई ते इतक्या गंभीरपणे करते की बघणाऱ्याला वाटावं फॉरेन्सिकचं काम चाललंय.

आजींनी पुढे महिनाभर हिरवं पान ताटात घेतलं नाही. मग गणपतीच्या आधी एका दुपारी स्वतःच गच्चीत आल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पातीला तेव्हा दांडे आले होते, ताठ, कोनदार, टोकाला पातळ पापुद्र्यात बंद कळ्यांचा गुच्छ. आम्ही बोलत असतानाच एका गुच्छाचा पापुद्रा एका बाजूने फाटलेला दिसला आणि आतून चार-पाच पांढऱ्या चांदण्या बाहेर डोकावत होत्या, प्रत्येक पाकळीवर मधून एक बारीक हिरवी रेघ. लहान मधमाश्या आधीच हजर. आजींनी चष्मा पुसून पाहिलं. "हे फूल माहीत असतं तर मी खाल्लंच नसतं ते," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "याचं काय करतात?"

कोवळ्या कळ्या दांड्यासकट तव्यावर मीठ टाकून परततात, तीळ लावून. मी केल्या. पाती कापत राहिलं तर दांडे कमी येतात, म्हणून ऑगस्टपासून अर्धी कुंडी मी फुलांसाठी सोडते. बी धरायच्या आत दांडे काढते, नाहीतर काळं बी सांडून शेजारच्या कुंड्यांत पात उगवते, आणि कुणाच्या कुंडीत काय उगवलं हा विषय आमच्याकडे आता नको आहे. चार दांडे बेनना देते. त्या पात खात नाहीत, पण फुलं काचेच्या पेल्यात घालून दारातल्या कपाटावर ठेवतात. देवाजवळ नाही. वास घरात आला की पेला गॅलरीत जातो.

तळघरासारख्या अंधारात पिवळी पात करायचा प्रयोग मात्र फसला. चीनमध्ये ठोंबावर झाकण घालून उजेड अडवतात आणि कोवळी पिवळी पानं काढतात. मी मातीचं मडकं उपडं घातलं. आत पात कमी आणि झुरळं जास्त निघाली.

डिसेंबरात ठोंब वेगळे करायची वेळ आली. दोन-तीन वर्षांनी करावे लागतात, नाहीतर दाटी होऊन पानं बारीक पडतात. ठोंब वाढवायला सूनबाईने जुन्या कुंडीतली जूनपासून पोत्यात ठेवलेली माती काढली आणि चाळायला बसली. पिठाची जुनी चाळणी, मोडकी. तिसऱ्या घमेल्याला ती थांबली आणि तळहात माझ्यापुढे धरला. हरभऱ्याएवढा, गोल, तपकिरी पापुद्र्याचा. दहावा.

तिने तो नखाने सोलला, कागदात दाबला, हुंगला आणि खाली बेनकडे पाठवून दिला.